नवी बॅटरीही उतरवणाऱ्या मोटरसायकलच्या कामाच्या नोंदी

७ जून

मावसभावाची गाडी आज हातात घेतली. तक्रार अशी की सेल्फ मारला की नुसतं कट कट कट, धक्का मारून किंवा दुसऱ्या बॅटरीवरून स्टार्ट केली की मस्त चालते, आणि लांब फेरीत चार ठिकाणी थांबली की परत तेच. बॅटरी नवीन टाकून झालीय, त्याच्याआधी रेक्टिफायरही (इंजिनने बनवलेली वीज बॅटरीला योग्य करून देणारा डबा) बदलून झालाय, आणि आता त्याला कोणीतरी सांगितलंय की पूर्ण वायरिंग किट बदल. तो म्हणतो, "दादा, सांग कुठला पार्ट आणू." म्हटलं आत्ता काहीच आणू नकोस, आधी मीटर (मल्टिमीटर) लावू. चार्जिंगच्या कामात पार्ट बदलून बघणं हा सगळ्यात महागडा मार्ग आहे, कारण एक खराब पार्ट दुसऱ्या चांगल्या पार्टला मारतो आणि मग आधीचा कुठला होता तेच कळत नाही.

आज फक्त बॅटरी बघितली. सीट काढली, टर्मिनलचे स्क्रू एकदम ढिले नव्हते पण हलत होते, मायनसवर पांढरी पूड चढलेली. साफ केलं, घट्ट केलं. व्होल्टेज ११.९. बारा व्होल्टच्या बॅटरीला १२ दिसले की लोकांना वाटतं जवळपास भरलीय, तसं नसतं. सीलबंद लेड ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असली की आराम करून १२.८ च्या आसपास दाखवते, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, आणि ११.९ म्हणजे जवळपास रिकामी. सगळा खेळ एका व्होल्टच्या आत आहे म्हणून मीटर डिजिटल आणि बऱ्यापैकी अचूक हवा.

८ अँपिअर-तासाची बॅटरी आहे, म्हणून चार्जरवर ०.८ अँपिअरच्या आसपास लावून ठेवली. दहाव्या भागाचा करंट हा जुना हिशोब, वेळ जास्त लागतो पण प्लेटी तापत नाहीत. खोलीची खिडकी उघडी ठेवली, चार्ज होताना हायड्रोजन सुटू शकतो आणि चिमटे लावताना काढताना ठिणगी पडते, म्हणून आधी चिमटे मग स्विच, काढताना उलटं.

८ जून

चार्जर काढल्या काढल्या १३.२ दाखवत होती, तो आकडा धरायचा नाही, वरवरचा चार्ज असतो तो. काही तास तशीच ठेवली मग मोजली, १२.८. चांगलं आहे. पण नुसतं उभ्याने व्होल्टेज दाखवणं वेगळं आणि लोड झेलणं वेगळं, म्हणून मीटरचे प्रोब बॅटरीलाच धरून सेल्फ मारला, खाली जाऊन १०.६ ला टेकली आणि इंजिन लागलं. ९.६ च्या खाली गेली असती तर बॅटरीवर संशय घेतला असता. म्हणजे नवीन टाकलेली बॅटरी बिचारी चांगली आहे, तिला कोणी भरतच नाहीये.

मग गाडी चालू ठेवून मोजलं. आयडलला १२.६. पाच हजार आरपीएमपर्यंत (इंजिनचे मिनिटाला फेरे) रेस दिली तर १२.९. हेडलाइट अप्परला टाकला आणि तेवढीच रेस दिली तर १२.५. इथे दिसायला हवं होतं १३.८ ते १४.५ च्या मधे. रेस दिल्यावर थोडं वर चढतंय म्हणजे काहीतरी येतंय, पूर्ण बंद नाहीये, पण गाडी स्वतः खाते तेवढंही भरून निघत नाही. इंजेक्शनवाली गाडी आहे, फ्युएल पंप, ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर), हेडलाइटचा ५५-६० वॅटचा बल्ब, सगळं मिळून बॅटरीतूनच चाललंय.

आणि एक गोष्ट लिहून ठेवतो कारण भावाने पण विचारलं. काही जण गाडी चालू असताना बॅटरीची वायर काढून बघतात, बंद पडली तर चार्जिंग खराब, चालू राहिली तर चांगलं. हे कधीही करायचं नाही. बॅटरी ही सगळ्या सर्किटमधला मोठा गादीसारखा आधार आहे, ती काढली की रेक्टिफायरमधून येणारे झटके सरळ ईसीयूवर जातात, आणि तो गेला तर मग बॅटरीची तक्रार फार किरकोळ वाटेल.

१४ जून

आज खरं काम. चार्जिंगचा रस्ता मनात नीट बसला पाहिजे, मग शोधणं सोपं जातं. इंजिनच्या कव्हरमधे स्टेटर, म्हणजे चार्जिंग कॉइल, तिच्याभोवती क्रँकवर बसलेला मॅग्नेट फिरतो. तिथून तीन पिवळ्या वायरी एसी घेऊन निघतात, तीन फेज. त्या एका कपलरमधून (वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग) रेक्टिफायरमधे जातात, तिथे एसीचं डीसी होतं आणि व्होल्टेज १४ च्या आसपास धरून ठेवलं जातं (म्हणून त्याच डब्याला रेग्युलेटरही म्हणतात), मग प्लस आणि मायनस बॅटरीकडे. एवढंच आहे. या रस्त्यात कुठेतरी गळती आहे किंवा अडथळा आहे.

साइड पॅनल काढून पिवळ्या वायरींचा कपलर हातात घेतला आणि अर्धं उत्तर तिथेच मिळालं. एका पिनच्या भोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलंय, वायरीचं इन्सुलेशन बोटभर कडक झालंय, वाकवलं तर तडकतं. रेक्टिफायर बदलला तेव्हा हाच कपलर काढून परत लावला असणार, वितळलेला होता तेव्हाही.

तरी लगेच कपलर कापला नाही. जळकं दिसलं म्हणून तेच मूळ असं नसतं, तिथपर्यंत जळायला कोणी लावलं ते पण बघायला हवं. कपलर काढलेलाच होता तर स्टेटर तपासला. मीटर एसी व्होल्टवर, गाडी चालू, तीन पिवळ्या वायरींच्या तीनही जोड्या आलटून पालटून. आयडलला १८, १८, १८. पाच हजारावर ५८, ५८, ५७. इथे आकडा किती यापेक्षा तिन्ही सारखे आहेत का हे महत्त्वाचं, आणि रेसबरोबर वाढतात का. (हे करताना वायरी एकमेकींना आणि हाताला लागू द्यायच्या नाहीत, ५८ व्होल्ट ओल्या हाताला जाणवतात.) मग इंजिन बंद करून ओहमवर, तिन्ही जोड्या ०.४ ते ०.५, आधी प्रोब एकमेकांना लावून बघितलेले त्यांचेच ०.१ होते ते वजा धरायचे. आणि प्रत्येक पिवळ्या वायरीपासून इंजिनच्या बॉडीला, पूर्ण मोकळं, काही दाखवत नाही. तसंच पाहिजे, स्टेटरचा बॉडीशी काही संबंध नसतो.

रेक्टिफायर डायोडच्या सेटिंगवर तपासला. आत सहा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे) असतात, प्रत्येक पिवळ्या पिनपासून प्लसला आणि मायनसपासून प्रत्येक पिवळीला एका दिशेने ०.४-०.५ दाखवतो आणि प्रोब उलटे केले की मोकळं. सहाच्या सहा बरोबर. ही टेस्ट आतले डायोड फुटले नाहीत एवढंच सांगते, रेग्युलेशन नीट चाललंय का ते गाडी चालू केल्यावरच कळतं.

मग राहिला तो कपलर. एका पिनमधे नुसता ०.२ ओहमचा अडथळा आला आणि त्यातून १५ अँपिअर जात असले तर करंटचा वर्ग गुणिले ओहम, म्हणजे ४५ वॅट उष्णता, ती पण एका छोट्याशा पिनमधे. प्लास्टिक वितळणारच. वितळलं की पिन अजून ढिली, अडथळा अजून जास्त, असं ते वाढतच जातं. शेवटी एक फेज जवळपास गळून पडते आणि उरलेल्या दोघांवर गाडी रडत खडत चालते, आपल्याला दिसले ते १२.९ त्याचेच.

१५ जून

कपलर दुरुस्त करायच्या आधी डीसीची बाजू पण मोजून घेतली, नाहीतर एक सुधारून दुसरं राहून जातं. तात्पुरत्या क्लिपा लावून तिन्ही पिवळ्या जोडल्या, गाडी चालू, हेडलाइट चालू, पाच हजारावर रेस, मीटर डीसी व्होल्टवर, एक प्रोब रेक्टिफायरच्या प्लस पिनवर आणि दुसरा बॅटरीच्या प्लसवर. इथे आदर्श आकडा शून्य, ०.२ पर्यंत चालतो. आला ०.७. मायनसच्या बाजूला तसंच मोजलं तर ०.०५, तिकडे छान आहे.

ही टेस्ट लोक करत नाहीत आणि मला सगळ्यात जास्त आवडते ती हीच. वायर हातात घेऊन ओहम मोजली तर शून्यच दाखवते, कारण मीटर त्यातून अगदी चिमूटभर करंट सोडतो, दहा धाग्यांपैकी एक धागा शिल्लक असला तरी त्याला पुरतं. खरा करंट वाहत असताना दोन टोकांत किती व्होल्ट पडतात हे बघितलं तरच वायर खरी कळते. प्रोब पुढे पुढे सरकवत गेलो तर ०.७ पैकी बराचसा मेन फ्यूजच्या होल्डरमधे पडत होता, पाती हिरवी पडलेली, पाणी गेलंय कधीतरी.

जळालेला कपलर कापून टाकला, इन्सुलेशन कडक झालेला सगळा भाग पण कापला, तांबं काळं होतं तिथपर्यंत मागे गेलो, चकचकीत लालसर तांबं दिसेपर्यंत. काळ्या तांब्यावर नवीन पिन दाबली तर दोन महिन्यांत परत तेच होणार. रबर सील असलेला नवीन कपलर लावला, पिना व्यवस्थित क्रिंपच्या पकडीने दाबल्या. सोल्डरिंगबद्दल माझं मत असं की इथे नुसत्या सोल्डरवर विसंबू नये, वायर जिथे सोल्डर संपतं तिथे कडक होते आणि इंजिनच्या थरथरीने तिथूनच तुटते. फ्यूज होल्डर नवीन, तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज, आणि रेक्टिफायरच्या प्लसपासून तिथपर्यंत थोडी जाड वायर टाकली.

चालू केल्यावर: आयडल १३.७, पाच हजारावर १४.३, अप्परवर १४.१. प्लसच्या बाजूचा फरक आता ०.१.

जाता जाता क्लँप मीटर (वायर न कापता बाहेरून करंट मोजणारा) एका पिवळ्या वायरीभोवती लावून बघितला. पाच हजारावर १५ अँपिअर. हेडलाइट बंद केला, तरी १५. ब्रेक लाइट, हॉर्न, काहीही चालू बंद करा, १५ च्या आसपासच. हा आकडा इथे मुद्दाम लिहून ठेवतोय.

भाऊ गाडी न्यायला तयार, पण मी दिली नाही. सगळी मापं थंड गाडीवर घेतलीयत, आणि त्याची तक्रार लांब चालवल्यानंतरची आहे.

२१ जून

बॅटरीला फ्यूज घालून छोटा डिजिटल व्होल्टमीटर जोडला, हँडलवर टेपने चिकटवला आणि लांब फेरी मारली. सुरुवातीला १४.२ स्थिर. इंजिन चांगलं तापल्यावर १३.९ झालं, मला वाटलं हेडलाइटमुळे असेल, मग १३.५, १३.१, आणि परत येताना सपाट रस्त्यावर चांगल्या रेसवर असूनही १२.८. थांबलो नाही, घरी येईपर्यंत १२.७ होतं.

गरम असतानाच सीट काढली, कपलर हाताला फक्त कोमट, म्हणजे तो निर्दोष. पटकन स्टेटरच्या टेस्ट परत केल्या. एसी व्होल्ट: ५६, ५५, ५६. जवळपास सारखेच! इथे कोणीही फसेल आणि रेक्टिफायरला दोष देईल. पण पिवळ्या वायरीपासून बॉडीला ओहम लावला तर २-३ ओहम, मधेच मोकळं, परत ३. थंड असताना हेच पूर्ण मोकळं होतं.

समजावून लिहितो कारण हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कपलर काढल्यावर स्टेटर एकटा अधांतरी असतो, त्याची एखादी तार एकाच जागी बॉडीला टेकली तरी करंटला परतीचा रस्ता नसतो, म्हणून फेज-फेजमधले व्होल्ट चांगलेच दिसतात. रेक्टिफायर जोडला की त्याचा मायनस बॉडीला जोडलेला असतो, मग रस्ता पूर्ण होतो आणि करंट बॅटरीकडे जायच्या ऐवजी तिथून निसटतो. आणि तारेवरचं वार्निश (इन्सुलेशनचा थर) जळालेलं असलं तर थंड असताना तार आणि लोखंडी गाभा यांच्यात केसभर अंतर राहतं, तापून फुगलं की टेकते. म्हणून बॉडीची टेस्ट गरम गाडीवर केल्याशिवाय स्टेटरला पास करायचं नाही. अर्ध्या तासाने परत मोजलं तेव्हा पुन्हा मोकळं दाखवत होतं.

२२ जून

इंजिन ऑइल काढलं, कव्हर उघडलं. मॅग्नेट कव्हरला (त्याच्यात स्टेटर असतो) जोरात ओढून धरतो, तेव्हा बोटं सांभाळून, सरळ ओढायचं, स्क्रूड्रायव्हर घालून उचकायचं नाही कारण पॅकिंग बसते ती कड ओरखडली की ऑइल गळत राहतं. कव्हर जागेवर बसवणाऱ्या दोन डॉवेल पिना कुठे राहिल्या ते बघून घेतलं, एक कव्हरमधे एक इंजिनवर.

स्टेटरचे काही खांब नवीन तांब्याच्या रंगाचे, आणि एका बाजूचे सलग काही खांब काळेकुट्ट, वार्निशचे पापुद्रे नखाने निघतायत. एके ठिकाणी तार आणि गाभ्याच्या मधली पट्टी जळून गेलेली. मॅग्नेट आतून तपासला, मॅग्नेटचे तुकडे घट्ट आहेत, तडा नाही, स्टेटरला घासल्याची खूण नाही.

आता प्रश्न तो जळला का. इथे त्या १५ अँपिअरचा संबंध आहे. या गाडीतला रेग्युलेटर शंट प्रकारचा आहे. मॅग्नेट कायमचा असल्यामुळे स्टेटर किती वीज बनवेल हे कमी करता येत नाही, रेस जास्त तर वीज जास्त. शंट रेग्युलेटर काय करतो तर बॅटरीचं व्होल्टेज पुरेसं झालं की उरलेली वीज फेज शॉर्ट करून परत स्टेटरमधेच फिरवतो. म्हणजे गाडीला ५ अँपिअर लागो की १२, स्टेटरच्या तारांतून पूर्ण करंट वाहतच राहतो आणि त्या कायम तापलेल्या असतात. लोक म्हणतात एलईडी बल्ब टाकला की स्टेटरवरचा ताण कमी होतो. शंट रेग्युलेटर असेल तर नाही होत, बल्बने न खाल्लेलं सगळं परत स्टेटरलाच पचवावं लागतं. आयडलला बॅटरीला थोडं जास्त मिळतं एवढा फायदा खरा.

सिरीज प्रकारचा रेग्युलेटर उलटं करतो, गरज संपली की सर्किट उघडतो, मग तारांतून करंटच जात नाही. शिंडेनगेन कंपनीचा एसएच ७७५ या प्रकारचा आहे आणि बऱ्याच गाड्यांवर लोक तो बसवतात. त्याची दुसरी बाजू अशी की सर्किट उघडं असताना स्टेटरच्या टोकांवर व्होल्टेज बरंच चढतं, म्हणून इन्सुलेशन चांगलं पाहिजे. जुन्या अर्धवट जळलेल्या स्टेटरवर तो लावून वेळ मारून न्यायची नाही. भावाला सांगितलं, आता आण, नवीन स्टेटर, कव्हरचं पॅकिंग आणि सिरीजचा रेग्युलेटर त्याच्या कपलरसकट. "आणि तो चांगला असलेला रेक्टिफायर?" तो जपून ठेव, चालतोय.

२९ जून

स्टेटर बसवला. नवीन लावायच्या आधी बाहेरच ओहम आणि बॉडीची टेस्ट केली, नवीन आहे म्हणून चांगलाच असेल असं धरायचं नाही. बोल्टना थ्रेडलॉक, वायरीला धरणारी पत्र्याची क्लिप नीट दाबून, ती सुटली तर वायर फिरत्या मॅग्नेटला लागून संपेल. वायर कव्हरमधून बाहेर येते त्या रबरी ग्रोमेटला पातळ सीलंट. पॅकिंगची जुनी चिकटलेली साल काढण्यातच निम्मा वेळ गेला, पण तिथे घाई केली तर ऑइलचा थेंब गळत राहतो. बोल्ट समोरासमोर थोडे थोडे करत शेवटी टॉर्क पान्याने. ऑइल भरलं.

रेग्युलेटर आधी सीटखाली बंद जागेत होता, हवा शून्य. आता फ्रेमच्या पुढच्या बाजूला पट्टी करून लावला, फिन्समधून हवा जाईल असा, चिखल सरळ उडणार नाही एवढं बघून. प्लस वायरीला फ्यूज बॅटरीच्या जवळ, मायनस थेट बॅटरीच्या मायनसला, फ्रेमच्या भरवशावर नाही.

आयडल १३.९, पाच हजारावर १४.३, अप्परवर १४.२. परत क्लँप मीटर पिवळ्या वायरीवर: अप्पर चालू असताना ८ च्या आसपास, आणि हेडलाइट बंद केला की ५ च्या खाली. आधी काहीही केलं तरी १५ होता. हे बघताना खरंच आनंद झाला, रेग्युलेटर काय करतो ते डोळ्याने दिसलं.

५ जुलै

लांब फेरी परत, तोच रस्ता, तोच मीटर हँडलवर. सगळीकडे १४.२-१४.३, सिग्नलला थांबल्यावर १३.८. घरी येऊन गरम असतानाच बॉडीची टेस्ट, पूर्ण मोकळं.

एक गोष्ट मात्र खटकत होती, मधे काही दिवस गाडी नुसती उभी होती आणि बॅटरी १२.८ वरून १२.६ वर आलेली. उभ्या गाडीत कोणीतरी खातंय. चावी बंद, बॅटरीची मायनस वायर काढून मीटर मधे लावला, आधी १० अँपिअरच्या रेंजवर मग खाली मिलीअँपिअरवर. मीटर असा लावलेला असताना चावी फिरवायची नाही आणि सेल्फ तर नाहीच, मीटरचा फ्यूज जातो. आला ४० मिलीअँपिअर. घड्याळ आणि ईसीयूची मेमरी मिळून १-२ मिलीअँपिअर समजू शकतो. ४० म्हणजे दिवसाला जवळपास १ अँपिअर-तास, आठवडाभरात ८ वाली बॅटरी तळाला. एकेक फ्यूज काढत गेलो, फरक नाही. रेग्युलेटरचा कपलर काढला, फरक नाही. मग बॅटरीच्या टर्मिनललाच थेट जोडलेली एक बारीक वायर दिसली, हँडलवरच्या मोबाइल चार्जरची. ती काढली की २.

चार्जर आता रिलेमधून (विजेवर चालणारा स्विच) जोडला, चावी चालू असेल तरच त्याला वीज, आणि त्याच्या वायरीला स्वतःचा ५ अँपिअरचा फ्यूज, आधी तोही नव्हता.

१३ जुलै

गाडी आठवडाभर मुद्दाम उभी ठेवली. आज १२.८, आणि सेल्फ एका दाबात. भाऊ गाडी घेऊन गेला. त्याला आकडे लिहून दिले: सकाळी चावी लावायच्या आधी १२.६ च्या वर, चालू गाडीला थोड्या रेसवर १३.८ ते १४.५, १५ च्या वर कधी गेलं तर लगेच थांबून फोन करायचा कारण ते बॅटरी उकळवतं. हँडलवरचा व्होल्टमीटर आता चावीच्या लाइनवर पक्का बसवलाय. पुढच्या सर्व्हिसला पिवळ्या वायरींचा कपलर उघडून रंग बघायचा, आणि प्लसच्या बाजूचा फरक परत मोजायचा, आज तो ०.०८ आहे.